शहाऐंशी टक्क्यांवर अडलेला आवाज

फुकटच्या औषधावर माझा विश्वास आहे, कारण ते मीच वाटते. सेनगावला, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे बसून मला एकोणीस वर्षं झाली. गोळी कुठली, कशी घ्यायची, कशाबरोबर घ्यायची नाही, हे मी झोपेतही सांगेन. पण फुकटचं सॉफ्टवेअर निवडायची वेळ आली तेव्हा माझी अशी काही भंबेरी उडाली, की खिडकीपुढे उभं राहून तेच तेच विचारणाऱ्या म्हाताऱ्यांवर मी आजवर किती वेळा वसकन ओरडले असेन, त्या सगळ्याचा हिशेब चुकता झाला.

त्याचं असं झालं. बाबा गेल्या वर्षी वारले आणि त्यांचं पहिलं पुण्यानुमोदन पंधरा दिवसांवर आलं होतं. विहारात कार्यक्रम ठरला होता. वंदना, मग चार जणांची भाषणं, मग जेवण. बाबा गेल्यापासून माय माझ्याकडेच असते, ती म्हणाली, "भाषण कोणाला ऐकायचंय? त्यांचं गाणं लावा."

बाबा तरुणपणी गायन पार्टीत गायचे. आम्ही तेव्हा साखऱ्याला राहायचो. जयंतीच्या दिवसांत त्यांच्या पार्टीला गावोगावी सुपारी असायची. पेटी, ढोलकी, मागे झील धरणारे तिघं, आणि पुढे बाबा. पण मला हे सगळं ऐकून माहीत. मी पाच वर्षांची असताना बाबांनी गाणं सोडलं आणि पुन्हा कधी घरात गुणगुणलेसुद्धा नाहीत. दोन कॅसेट होत्या, त्या टेपने कधीच्या गिळल्या. माझ्या मोबाइलमध्ये बाबांचा अकरा सेकंदांचा व्हिडिओ आहे. त्यात ते माझ्याकडे बघून म्हणतात, "बंद कर ते." आता पुण्यानुमोदनाला माणसाचा आवाज म्हणून हे कसं ऐकवायचं?

गाणं का सोडलं, त्याची घरात एक गोष्ट होती. बाबांचा शेवटचा कार्यक्रम म्हणजे पुसेगावच्या पार्टीबरोबरचा सामना. एकाच स्टेजवर दोन पार्ट्या, एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातूनच जबाब द्यायचा. तो सामना बाबांनी जिंकला. पुसेगावच्या गायकाला ते इतकं झोंबलं, की त्याने बाबांशी बोलणं टाकलं. आणि जिंकल्यावर आता आणखी काय मिळवायचं, म्हणून बाबांनी पेटी बंद केली. रेकॉर्डिंग झालं होतं का, असं कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, टेपरेकॉर्डरचे सेल संपले, काहीच आलं नाही. त्या पुसेगावच्या माणसाचं नाव मात्र आमच्या घरात निघत नसे. निघालं तर माय ताटावरून उठून जायची.

आणि अशात नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी एक यादी पाठवली. जुन्या गायन पार्ट्यांच्या रेकॉर्डिंगची यादी. कुणा लांबच्या शौकीन माणसाने जमवलेली. खाली खाली जाता एका ओळीवर माझं बोट थांबलं: साखरा आणि पुसेगाव, दोन पार्ट्यांचा सामना, नव्वद मिनिटं. मी ती ओळ तीन वेळा वाचली. सेल संपले होते ना?

मायला सांगितलं तर तिने हातातली परात खाली ठेवली. मग म्हणाली, "मंग लाव की."

लाव की! यादी करणाऱ्याने वर लिहून ठेवलं होतं की यातलं काहीही त्याच्याकडे नाही. सगळं ज्याच्या त्याच्या घरी, ज्याच्या त्याच्या संगणकात आहे. तुम्ही एक फुकटचं सॉफ्टवेअर घ्यायचं, त्यातून मागायचं, ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून थेट तुमच्याकडे येईल. हे वाचून मला काहीच कळलं नाही. म्हणजे कोणाकडून? त्याला काय म्हणून मागायचं? आणि तो का देईल?

घरी संगणक होता. लेक नांदेडला शिकायला गेली आणि तिचा संगणक मागे राहिला. त्यावर मी धूळ पुसण्यापलीकडे काही करत नसे. नवरा हिंगोलीला नोकरीला, सकाळच्या गाडीने जातो. त्याला विचारलं तर म्हणाला, "राहू दे ना." लग्नाला बावीस वर्षं झाली, प्रत्येक प्रकरणात त्याचं मत एवढंच आहे.

मग मी शोधायला बसले. एका पानावर लिहिलं होतं, दहा उत्तम. दुसऱ्या पानावरही दहा उत्तम, पण दहाच्या दहा वेगळे. एक म्हणे सगळ्यात हलकं. एक म्हणे सगळ्यात जलद. एकात जाहिराती नाहीत, पण जाहिराती नसतील तर त्याचं पोट कशावर चालतं, हे कुठेच लिहिलेलं नाही. मी सवयीप्रमाणे कागद घेतला आणि रकाने पाडले: नाव, उपयोग, दुष्परिणाम. दुपारपर्यंत दुष्परिणामांचा रकाना भरला आणि बाकीचे दोन कोरेच राहिले. औषधाच्या पाकिटावर आत काय आहे ते छापावं लागतं, नाहीतर कंपनीला कोर्टात उभं करतात. यांना मात्र कुणी विचारणारं नाही.

शेवटी वैतागून एक पिवळ्या चिन्हाचं निवडलं, कारण नंतर पाहिलेल्या आणखी दोन याद्यांत ते होतं. त्याच्या पानावर चार हिरवी बटणं होती, चारही घ्या घ्या म्हणणारी. मी सगळ्यात मोठं दाबलं. पाच मिनिटांत संगणकावर हवामान आलं, एक घड्याळ आलं, आणि तुमच्या संगणकात चारशे बिघाड आहेत अशी लाल पाटी लुकलुकू लागली. जे हवं होतं ते सोडून सगळं आलं. माय मागे उभी होती. "आलं का?" म्हणाली. मी तिच्यावर खेकसले. नंतर वाईट वाटलं, पण तेव्हा खेकसलेच.

दुसऱ्या सॉफ्टवेअरने मोबाइल नंबर मागितला. मी दिला नाही, तर त्याने पुढे जाऊ दिलं नाही. मला वाटलं, चल, निदान हा तरी सरळ बोलतो.

दवाखान्यात पुसेगावहून रोज येणाऱ्या सिस्टर माझ्या मैत्रीण. त्यांना सगळं सांगितलं, तर त्यांनी आवाज खाली केला. "मॅडम, हे चोरीचं असते बरं. पिक्चर बिक्चर असंच काढतेत पोरं."

"माझ्याच बापाचा आवाज आहे," मी म्हटलं.

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरून ठीक वाटत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही नक्की कळेना. गाणं बाबांचं, पण कॅसेट ज्याने भरली त्याची, आणि फाइल ज्याच्या घरात आहे त्याची. यात मी कोणाला विचारायचं, कोणाचे पाय धरायचे?

संगणक दुरुस्त करणारा एक जण आहे, बसस्टँडजवळ बसतो. त्याला घरी बोलावलं. त्याने हवामान, घड्याळ आणि चारशे बिघाड झाडूनपुसून काढले. कुठलं घेऊ, विचारलं तर म्हणाला, "मॅडम, एक सांगू का? जे दिसायला सगळ्यात भिकार हाय ते घ्या. ज्याला बटणं जास्ती, त्याचा डाव जास्ती." त्याने मला एक करड्या रंगाचं दाखवलं. ना चित्र, ना जाहिरात, नुसते रकाने. रकाने बघून माझा जीव भांड्यात पडला. जाताना मात्र दारात थांबून तो म्हणाला, "काम झालं की ताबडतोब काढून टाका. न्हाई तर तुमच्या घरातलं बाहेर जात राहते."

झालं. एवढं बोलून तो गेला आणि माझी झोप घेऊन गेला.

यादीतली ती ओळ करड्यात टाकली. रकान्यांत आकडे आले. पुरी फाइल असलेला देणारा: एक. माझ्यासारखे अर्धवट फाइल घेऊन बसलेले, मागणारे: दोन. देणाऱ्याला त्यात सीड म्हणतात. आमच्याकडे सीड म्हटलं की सोयाबीनची पिशवी आठवते. एकच पिशवी, आणि तिच्यावर आम्ही तिघं टपलेले. टक्के हळूहळू चढू लागले. तीन. पाच. मी माय आणि संगणक यांच्यात येरझारा घालत होते. आणि मग माझं लक्ष दुसऱ्या रकान्याकडे गेलं. बाण वर. काहीतरी आमच्या घरातून बाहेर चाललं होतं.

काय चाललं होतं? लेकीचे फोटो? माझी पगाराची पावती? मी सगळी बटणं उलटीपालटी केली आणि शेवटी जागा सापडली, तिथे बाहेर जाणाऱ्याला शून्य लिहिलं. बाण थांबला. मला बरं वाटलं. पण थोड्या वेळाने आत येणंही मंदावलं. ते दोन मागणारे आपापल्या जवळचं जे थोडंफार मला देत होते, त्यांनी हात आखडता घेतला. मला काही उमगेना. मी त्यांचं काय घोडं मारलं होतं?

माय विचारत होती, "काहून थांबलं?"

मी मदतीचं पान उघडून, शब्द न् शब्द वाचून, तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. निम्मं मला स्वतःलाच सांगत होते. बाहेर जाते ती ही फाइलच, दुसरं काही नाही. जेवढे तुकडे आपल्याकडे आलेत, तेवढे आपण त्या दोघांना द्यायचे. ते त्यांच्याकडचे आपल्याला देतात. आपण दिलं नाही तर तेही देत नाहीत.

"आन् तू बंद केलं?"

"मला काय माहीत, काय चाललंय ते!"

माय माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मी दारात आलेल्याला हाकलून लावलं. "रिकामं भांडं परत देतेत व्हय कोणी? असं वळण लावलं का म्या तुला?"

आमच्याकडे हे फार कडक असतं. कुणाच्या घरून वाटीभर भाजी आली, तर ती वाटी धुऊन तशीच परत धाडायची नाही. मूठभर साखर, दोन लिंबं, काहीतरी टाकूनच द्यायची. मायने आयुष्यात कुणाची वाटी रिकामी परत केलेली नाही. मला राग आला होता, म्हणून मी टोमणा मारला: "मग तू इथे आणून फळीवर ठेवलेला तो पितळी डबा कोणाचा आहे? पस्तीस-चाळीस वर्षं झाली, आपल्याकडेच आहे ना?"

माय आत गेली आणि विनाकारण भांडी घासायला लागली. मी शून्य पुसलं आणि बाण पुन्हा सुरू केला.

त्यानंतर दहा दिवस माझा एकच धंदा. तो एकुलता एक देणारा कधी असायचा, कधी नसायचा; असला तरी थेंबथेंबच यायचं. आमच्या घरी इन्व्हर्टर असल्यामुळे आमचं सुरू राहायचं, पण तो अचानक एकाचा शून्य व्हायचा. मी चिडून त्याच्या वेळा टिपायला लागले; कामावर असले की मायला फोन करून, एक आहे का शून्य, ते विचारायचे. सोमवारी अकराला गेला, दोनला आला. मंगळवारी आलाच नाही सकाळी. बुधवारी पुन्हा अकरा ते दोन. असा रुग्ण माझ्यासमोर आला असता तर मी विचारलं असतं, गोळी वेळेवर घेतोस का? मी हळूहळू त्याच्यावर दात ओठ खायला लागले. कुठल्या मोठ्या शहरातला, गार खोलीत बसणारा कुणीतरी, मनात येईल तेव्हा बटण बंद करणारा, असा तो मला दिसायचा.

गुरुवारी सिस्टर डबा खाताना कुरकुरल्या. "आमच्या गल्लीची तर तकलीफच हाय. रोज अकराला लाइट जाते ती दोनला येते. मंगळवारी तर सकाळपासूनच न्हवती."

माझा घास हातातच राहिला. मी पर्समधून कागद काढला आणि एकेक वेळ त्यांना विचारली. सोमवार बरोबर. मंगळवार बरोबर. बुधवार बरोबर. सिस्टर घाबरल्या, म्हणाल्या, "मॅडम, तुमाला कसं माहीत आमच्या लाइटीचं?"

ज्याला मी दहा दिवस जगभर शोधत होते, तो पुसेगावात होता. सिस्टरच्याच गल्लीच्या तारेवर. इथून जीपने जाऊन दुपारच्या चहाला परत येता येईल इतक्या अंतरावर.

त्याच संध्याकाळी शून्य झाला तो झालाच. शुक्रवारी सिस्टरनी सांगितलं, त्यांच्या गल्लीची डीपी जळाली, वीज देणारा ट्रान्सफॉर्मरच गेला. नवी कधी येईल ते कुणाला ठाऊक? कार्यक्रम रविवारी. माझ्या रकान्यात शहाऐंशी टक्के. उघडून पाहिलं तर संगणक म्हणतो, ही फाइल उघडता येत नाही. शहाऐंशी टक्के बाप माझ्या घरात आणि त्याचा एक शब्द ऐकू येत नाही. मला रडू कोसळलं. इतके दिवस मी चिडत होते ना, ते सगळं रडूच होतं.

मायला सांगावंच लागलं. पुसेगाव म्हटल्याबरोबर तिला कळलं. पुसेगावात तो सामना कोणाकडे असणार? ती पायरीवर जाऊन बसली. मला वाटलं, आता उठून आत जाईल आणि विषय संपेल. ती उठली, स्टुलावर चढली, फळीवरचा कडीचा पितळी डबा काढला आणि चिंचेने घासायला बसली.

"त्याच्या बायकोनं धाडला होता," ती म्हणाली. "सामना झाल्यावर मयन्याभरानं, बुद्ध पौर्णिमेची खीर. तुझे बाबा म्हणले, खायची न्हाई. म्या म्हणलं, डबा तरी परत करू. तर म्हणले, काही गरज न्हाई. मंग रिकामा कसा द्यावं, आन् भरून द्यावं तर ह्यांचा राग. राहिला तसाच."

"जिंकलेल्या माणसाला खिरीचा एवढा राग कशाचा, माय?"

"मला काय ठावं," ती म्हणाली. आणि खरंच, आम्हा दोघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी तिने डबा भरून खीर केली. सेनगावच्या स्टँडवरून जीप धरली. माय सगळी वाट डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती, बाजूच्या माणसाने गोणी सरकवायला सांगितलं तरी हलली नाही. सिस्टर घर दाखवायला आल्या.

घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं केंद्र होतं. संगणक झाकून ठेवलेला. पुसेगावचा तो गायक आता म्हातारा झालेला, त्याची सून ते चालवते. सासऱ्याच्या जुन्या कॅसेट तिनेच संगणकात भरल्या होत्या आणि त्या शौकीन माणसाच्या यादीत घातल्या होत्या. म्हातारा बाजेवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होता. मायला बघून तो उठून उभा राहिला. "जयभीम वैनी," म्हणाला. मायने जयभीम केला आणि डबा पुढे केला. त्याने डब्याकडे पाहिलं, ओळखला. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. त्याने डबा दोन्ही हातांनी घेतला आणि सुनेकडे न देता स्वतःजवळच ठेवला.

मी माझं गाऱ्हाणं सांगितलं. करडं सॉफ्टवेअर, शहाऐंशी टक्के, उद्याचा कार्यक्रम. सून हसायला लागली. "ताई, एवढी तकलीफ कशाला? माझ्या मोबाइलमंदी हाय की तीच फाइल. आमच्या ह्या दादांना रोज ऐकायची असते. लाइट असो नसो."

"रोज?" माय म्हणाली.

म्हाताऱ्याने पुठ्ठ्याचा वारा थांबवला. मग म्हणाला, "वैनी, ते पूर्ण ऐकलं का तुमी कधी?"

"कुठून ऐकणार? ह्यांनी तर सांगितलं, सेल संपले होते."

तो खाली बघायला लागला. "मंग आधी इथं ऐका. उद्या लोकांसमोर लावायचं का न्हाई, ते तुमी ठरवा. सून म्हणते, शेवटचं काटून देता येते."

सुनेने मोबाइल बाजेवर ठेवला. खरखर, माणसांचा गलका, ढोलकीवर पडलेली थाप. आणि बाबा. मी त्या आवाजाची काहीतरी कल्पना करून ठेवली होती, तसा तो नव्हताच. पातळ, उंच, थोडा गर्विष्ठ आवाज होता. एका तरुण माणसाचा, माझ्यापेक्षा कितीतरी लहान माणसाचा. मायने पदर तोंडाला लावला. सवाल झाले, जबाब झाले, लोक ओरडत होते. शेवटचं गाणं बाबांचं होतं, लुगड्याला ठिगळं लावून लेकरांना शाळेत धाडणाऱ्या आईचं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याच्या मधोमध बाबांचा आवाज फाटला आणि थांबला.

नुसती ढोलकी वाजत होती. एक आवर्तन. दुसरं. बाबांनी खाकरून सुरुवात करायचा प्रयत्न केलेला ऐकू आला, आणि काहीच आलं नाही. मी मुठी आवळून बसले होते, जसं काही आत्ताच चाललंय आणि मला काहीतरी करता येईल. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने एक भरदार आवाज आला आणि त्याने तेच कडवं, त्याच चालीत, जिथे तुटलं होतं तिथूनच उचललं. शेवटपर्यंत नेलं. लोकांना वाटलं, हा सामन्यातलाच भाग. टाळ्यांनी टेप भरून गेला.

सुनेने मोबाइल बंद केला.

"मंजी आमचे जिंकले न्हाईत?" मायने विचारलं.

"जिंकले की," म्हातारा म्हणाला. "पंचांनी त्यांनाच दिला सामना. गाणं त्यांचं होतं. म्या तर त्यांचंच म्हणलो."

"मंग बोलणं काहून टाकलं तुमी?"

"म्या न्हाई टाकलं, वैनी." त्याने पुठ्ठा बाजूला ठेवला. "दुसऱ्या दिवशी ते मला म्हणले, तू माझी लाज राखली का काढली, ते सांग. मला सांगता आलं न्हाई. मला वाटलं, राखली. पण त्यांचं तोंड बघून मला बी समजंना. ते परतले न्हाईत. म्या अजून ऐकतो, आन् अजून समजत न्हाई."

फाइल माझ्या मोबाइलमध्ये यायला चार मिनिटं लागली. पंधरा दिवस मी कुठलं घ्यावं, कुठलं घेऊ नये, कुणावर विश्वास ठेवावा म्हणून डोकं फोडत होते, आणि शेवटी दोन मोबाइल एका बाजेवर शेजारी ठेवले.

परतीच्या जीपमध्ये मी मायला म्हटलं, शेवटचं काढून टाकूया का? बाबांनी जे आयुष्यभर झाकलं, ते आपण विहारात सगळ्यांसमोर उघडायचं? मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटत होती आणि त्यांचा रागही येत होता. एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांनी आम्हाला गाण्यावाचून वाढवलं. मायच्या मांडीवर आता डबा नव्हता, तर तिला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. "पूर्ण लाव," ती म्हणाली. "अर्ध्यात थांबले म्हणून काय झालं? पुढचं बी त्यांचंच गाणं हाय."

रविवारी पूर्ण लावलं. बाबांचा आवाज तुटला तेव्हा एक जण स्पीकरची वायर बघायला उठला. मायने त्याला हाताने बसवलं. मायच्या बोलावण्यावरून आलेला पुसेगावचा म्हातारा मागे सतरंजीवर मान खाली घालून बसला होता. मग त्याचा तरुण आवाज आला, आणि लोकांनी, तेव्हासारख्याच, टाळ्या वाजवल्या. बाबांना हे आवडलं असतं का? मला माहीत नाही. मी आजही ठामपणे काही सांगू शकत नाही.

सोमवारी कामावर निघण्याआधी मी ती फाइल मोबाइलमधून संगणकात घातली आणि करड्याला पुन्हा तपासायला लावलं. शहाऐंशीचे शंभर झाले. खाली रकान्यात दिसलं, सीड: एक. आधी मला वाटलं, पुसेगावची लाइट आली. मग लक्षात आलं की तो एक म्हणजे आम्हीच. ते दोन मागणारे अजून शहाऐंशीवरच अडून बसले होते. दुरुस्तीवाल्याचं बोलणं आठवलं, काम झालं की ताबडतोब काढून टाका. मी काढायला बटणावर आले.

माय ओल्या हातांनी दारात उभी होती. "काहून बंद करून राहिली?"

"काम झालं ना आपलं."

"त्याच्याकडं लाइट आली का?"

"नाही. डीपी अजून यायचीय."

"मंग राहू दे सुरू," माय म्हणाली. "ह्यांचा आवाज गेला तवा त्यानं म्हणलं. आता त्याचं बंद हाय, तर आपण म्हणायचं."

मी हात मागे घेतला. कामाला उशीर झाला होता. बाहेर पडताना वळून पाहिलं तर माय पदराला हात पुसत स्टूल ओढून पडद्यासमोर बसत होती, आणि तो वर जाणारा बाण सुरू झाला होता.